खिशातला पाना

आमच्या घरमालक काकांना वेळ विचारली, तर ते आधी घड्याळाकडं बघत, मग अंगणातल्या पेरूच्या सावलीकडं बघत आणि दोन्हींचा मेळ बसला तरच सांगत. मेळ बसला नाही तर म्हणत, "सूनबाई, सध्या नक्की सांगता येत नाही." तोवर माझी डाळ करपलेली असायची.

काका मोजणी खात्यातून निवृत्त झाले होते. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या, बांधावरची भांडणं ऐकली आणि त्यातून त्यांचं एक मत पक्कं झालं होतं. माणूस खोटं बोलतो ते एक वेळ चालेल, पण अंदाजानं बोलतो ते चालणार नाही. "खोटं पकडता येतं गं, अंदाज पकडता येत नाही." मी भाजीत मीठ अंदाजानंच टाकते. हे त्यांना कळू नये म्हणून वाटीभर भाजी द्यायला गेले की खाली मान घालून लगेच परत फिरायची. तशी मी कुणासमोरही खाली मानच घालते, त्यामुळं त्यांना संशय आला नाही.

सिडकोत त्यांचं बैठं घर होतं आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्यानं राहायचो. आम्ही राहायला जायच्या आधीच काकू वारल्या होत्या. एकुलती एक लेक पुण्याला बँकेत होती. घरात काका आणि त्यांची काळी सायकल, एवढाच संसार. सायकलला ते "ही" म्हणायचे. "हिला आज तेल दिलं." नवीन माणूस ऐकायचा आणि माझ्याकडं बघायचा.

कुठलीही गोष्ट करायची तर काकांना पंच लागत. मोजणीला गेलं की गावातली माणसं पंच म्हणून उभी करायची, त्यांच्यासमोर खुणा करायच्या, ही खात्यातली रीत. ती त्यांनी घरी आणली. गॅसचं सिलिंडर आलं, पंच. डोळ्यात औषधाचा थेंब घालायचा, पंच. हाक यायची, "सूनबाई, जरा पंच म्हणून ये." मी हात पुसत जायची, उभी राहायची, बघायची, परत यायची. थेंब डोळ्यातच पडला हे मी बघितल्याशिवाय त्यांना पटायचं नाही.

शनिवारी मात्र ते सकाळीच सायकलवर टांग टाकून शेंद्र्याला जात. तिथं त्यांच्या खात्यातले चाचा राहायचे. नोकरीभर मोजणीच्या साखळीचं एक टोक काकांच्या हातात आणि दुसरं चाचांच्या हातात. आता चाचांचे गुडघे गेले होते, ते मुलाकडं राहायचे आणि दाराबाहेर पडत नव्हते. मग काकाच जायचे. दोघं बसून काय करतात, असं मी एकदा ह्यांना विचारलं. आमचे हे म्हणाले, "काय करत्यात? भांडत्यात." वैजापूरकडं एका शेताची हद्द त्यांनी कधीकाळी मोजली होती, ती हातभर चुकली होती. साखळी कुणाच्या टोकाला ढिली पडली, त्याचा निकाल अजून लागायचा होता.

काका मोबाईल बंद ठेवत. गरजेच्या वेळी बॅटरी हवी, म्हणून. त्यामुळं चाचांचा फोन माझ्या मोबाईलवर यायचा. "बेटी, साहब निकले क्या?" मी "हो" म्हणायची. "चाय चढाऊं क्या?" मी पुन्हा "हो" म्हणायची. आमचं एवढंच बोलणं व्हायचं, पण ते मला आवडायचं.

एका शनिवारी परत येताना सायकलच्या मागच्या चाकाचा नट ढिला झाला आणि चाक वाकडं होऊन घासायला लागलं. काकांनी सायकल सोडली नाही, रिक्षाही केली नाही. जालना रोडनं उन्हात सायकल हातात धरून चालत राहिले. इकडं ताई, म्हणजे त्यांची लेक, दुपारपासून फोन लावत होती. फोन बंद. मग तिनं मला फोन केला. हे स्कूटर घेऊन शोधायला गेले. काका दिवेलागणीला धुळीनं पांढरे होऊन आले आणि त्यांच्यामागं थोड्या वेळानं पुण्याहून ताईची गाडी आली.

ताई ओरडली नाही. अंगणात उभी राहून म्हणाली, "बाबा, परत एकदा रस्त्यात अडकलात की सायकल भंगारात. कबूल?"

"अडकणे म्हणजे काय, ते आधी ठरू दे."

"बाबा!"

"कबूल," काका म्हणाले आणि माझ्याकडं वळले. "सूनबाई, तू ऐकलंस ना? पंच म्हणून."

तिथून खिशातल्या पान्याचं प्रकरण सुरू झालं. काकांचा विचार सरळ होता. रस्त्यात काही ढिलं झालं तर आपल्याला आपलं नीट करता आलं पाहिजे. आधी त्यांनी घरातले सगळे पाने आणि पेचकस पायजम्याच्या खिशात घातले आणि निघाले. मुकुंदवाडीच्या सिग्नलला उतरले तेव्हा काका एकीकडं आणि पायजमा दुसरीकडं. घरी येऊन त्यांनी हे आम्हाला स्वतःच सांगितलं. "नाडी तुटली नाही. नाडी वजनाला हरली."

तेव्हा हे म्हणाले, "काका, आता मल्टीटूल मिळतं. मुठीत मावतं. चाकूवानी उघडतं, आन् त्यातून सगळी हत्यारं निघत्यात. ती गियरच्या सायकलवाली लोकं ठेवत्यात खिशात."

"किती हत्यारं?"

"लई."

"लई म्हणजे?"

ह्यांनी बोटं मोजायला घेतली आणि सोडून दिली.

काकांनी आधी औरंगपुऱ्यातली दुकानं पालथी घातली, मग मोंढ्यातली हार्डवेअरची. जालना रोडला गियरच्या सायकलींचं काचेचं दुकान आहे, तिथं तर ते इतक्यांदा गेले, की मालक त्यांना लांबून बघितलं की जेवायला जायचा. सकाळी गेलं तरी जेवायला. मग काकांनी मोबाईलवरून मागवायला सुरुवात केली. एकेक डबी घरी यायची, ओट्यावर तिची चाचणी व्हायची आणि नापास होऊन परत जायची. पंच मी, आणि सुट्टी असली की हे.

पहिली चाचणी खिशाची. पाना सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवायचा आणि तुळशीला वाकून नमस्कार करायचा. पाना पडला तर नापास. पहिले सगळे तुळशीतच पडले. मी रोज पाणी घालताना आधी कुंडीत बघून घ्यायची. दुसरी चाचणी तेलाची. हाताला गोडं तेल फासून पाना उघडून दाखवायचा. तेल माझ्या घरून. तिसरी चाचणी आली तेव्हा काका वाटी घेऊन दारात उभे. "सूनबाई, लोणच्याचा खार दे." मला वाटलं जेवायला हवाय. त्यांनी त्यात पाना बुडवून ठेवला. दुसऱ्या दिवशी तो तांबडा होऊन बाहेर आला.

हे म्हणाले, "काका, रस्त्यानं काय लोणच्याचा पाऊस पडतोय व्हय?"

"घाम खारटच असतो," काका म्हणाले आणि पाना धुऊन डबीत घातला.

एका पान्याला एक वाकडी पात होती. काकांनी ती उघडून बघितली, नाकाजवळ धरून बघितली. "ही कशाला?"

"बाटली उघडायला," हे म्हणाले.

"कसली बाटली?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. "सोड्याची."

"परत पाठवा. लेकीनं हे बघितलं तर ती सायकलचं काहीच विचारणार नाही."

एक पाना असा आला, की त्यातून काय निघत नव्हतं ते विचारा. करवत होती, कात्री होती, मासे मोजायची पट्टीसुद्धा होती. मला तो फार आवडला होता. काकांनी तो उघडला, मिटला, उघडला आणि म्हणाले, "ह्याला सगळं येतं, म्हणजे कामाच्या वेळी काही येणार नाही. आमच्याकडं असे एक साहेब होते."

हे सगळं चालू होतं तोवर काका शेंद्र्याला गेले नाहीत. पाना नसताना जायचं म्हणजे सायकल पणाला लावायची, आणि ते त्यांना करायचं नव्हतं. बसनं जा म्हणावं, तर बस तिच्या वेळेनं निघते. रिक्षानं जा म्हणावं, तर तिघांच्या जागेत पाच बसवतात, ते त्यांच्या मापात बसत नव्हतं. चाचांचा फोन मात्र दर शनिवारी यायचा. "बेटी, पाना मिला क्या?" मी "नाही" म्हणायची. "मेरे जीतेजी मिलेगा क्या?" मी "चहा घेतला का?" असं विचारायची. एकदा ते म्हणाले, "साहब कू बोल, बगैर पाने के आ जाव. मैं चाय एक ही कप चढातऊं आजकल." मी हे काकांना सांगितलं. काका सायकलपाशी गेले, सीटवर हात ठेवून उभे राहिले आणि घरात गेले.

शेवटी दसऱ्याच्या तोंडावर एक पाना पास झाला. चुन्याच्या डबीपेक्षा थोडासा मोठा, काळा, जड. तुळशीत पडला नाही, तेलात घसरला नाही, खारातून जसाच्या तसा निघाला. काकांनी आम्हा दोघांना बोलावून तो दाखवला. पोरीचं लग्न ठरल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा करतात. काकांनी पाट मांडला, पाटावर पाना ठेवला, शेजारी सायकल धुऊन पुसून उभी केली. दोघांना हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं वाहिली. मी नैवेद्य घेऊन गेले तेव्हा ते पाटासमोर मांडी घालून बसले होते. एकदा पान्याकडं बघत होते, एकदा सायकलच्या चाकाकडं. उदबत्ती संपून गेली होती.

मग मलाही दिसलं. एक बारका पेचकस सोडला तर पान्यातून निघत होत्या सगळ्या एलन की, म्हणजे बोल्टाच्या डोक्यातल्या सहा कोनी खड्ड्यात घालून फिरवायच्या काड्या. गियरच्या सायकलींना तसलेच बोल्ट असतात. काकांच्या काळ्या सायकलला सगळीकडं साधे नट, बाहेरून पाना लावून फिरवायचे. तो पाना त्या सायकलच्या कुठंही लागणार नव्हता. घंटीच्या स्क्रूला तेवढा लागला असता.

इतक्या चाचण्या झाल्या, पण काकांनी एकदाही पाना सायकलला लावून बघितला नव्हता. का, तर ज्या जमिनीचा वाद आहे त्या जमिनीवर उभं राहून निकाल द्यायचा नसतो. निकाल लांब बसून द्यायचा.

मी नैवेद्याचं ताट ठेवलं. काकांनी पाना उचलून परत पाटावर ठेवला. मग म्हणाले, "पाना बरोबर आहे. सायकल चुकली आहे."

हे चितेगावला एका वर्कशॉपमध्ये लेथवर होते. काकांनी त्यांना संध्याकाळी बोलावून चहा दिला आणि सायकल पान्याला जुळवून द्यायला सांगितली. मला वाटलं हे हसतील. हे हसले नाहीत. डोकं खाजवत सायकलभोवती फिरले आणि म्हणाले, "व्हतंय की." मग काम सुटलं की ते वर्कशॉपमध्ये थांबायला लागले. साध्या नटाच्या माथ्यावर एलन बोल्टचं डोकं वेल्ड करायचं, घासून गुळगुळीत करायचं. एकेक नट कागदात गुंडाळून घरी आणायचे आणि आधी मला दाखवायचे. लग्नात माझं मंगळसूत्रसुद्धा त्यांनी इतकं निरखून बघितलं नव्हतं. हँडल झालं, सीट झालं, दोन्ही चाकं झाली. आता ती सायकल दुनियेत कुणाच्याच पान्यानं उघडली नसती. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्यानं ती बघितली आणि लांबूनच हात जोडले.

काका शेंद्र्याला गेले. दुपारी चाचांचा फोन आला. "बेटी, दो कप चढाया." एवढंच बोलून ठेवला.

आता सगळं नीट झालं असं वाटलं. पण काका दर शनिवारी थोडे जास्त खट्टू होऊन परत यायला लागले. मी ह्यांना विचारलं, चाचांशी जास्त भांडण झालं का? हे म्हणाले, "नाय गं. काही ढिलं व्हत नाय म्हणून." ह्यांनी नट इतके घट्ट बसवले होते, की पाना खिशातून निघायचं कारणच उरलं नव्हतं. एवढा चाळून निवडलेला पाना आणि त्याला काम नाही. काका रस्त्यानं जाताना दुसऱ्यांच्या सायकलींकडं आशेनं बघायचे. एकदा चिकलठाण्याला कुणीतरी सायकल उलटी करून बसला होता. काका धावत गेले. त्याची चेन उतरली होती, ती त्यानं बोटानंच चढवली.

संक्रांतीच्या सुमारास एका शनिवारी मी अंगणात तीळ निवडत होते आणि दारात ताईची गाडी थांबली. न सांगता आली होती. हातात तिळगुळाचा डबा. "वहिनी, बाबा?" एवढं विचारते तोच माझा मोबाईल वाजला. काकांनी फोन चालू केला म्हणजे काहीतरी झालंच होतं. माझ्या मोबाईलचा आवाज फार मोठा आहे. तो कमी करता येतो हे मला माहीत आहे, कुठून ते माहीत नाही.

"सूनबाई," काका सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाले, "मी अडकलेलो नाही. मी थांबलेलो आहे. शेंद्र्याच्या फाट्याअलीकडं, लिंबाखाली. तुझ्या नवऱ्याला एक नट घेऊन पाठव. आणि ताईला काही कळवू नकोस."

ताईनं डबा पायरीवर ठेवला. "बसा गाडीत, वहिनी."

मी पुढं बसले. तो पट्टा मला लावता आला नाही, तिनंच लावला. जालना रोडभर ती पुढच्या रस्त्याकडंच बघत होती. मी मनात म्हणत होते, सायकल गेली. सायकल गेली म्हणजे शनिवार गेला.

लिंबाखाली सायकल उलटी केलेली होती आणि मागचं चाक बाजूला गवतात पडलं होतं. काका गुडघ्यांवर, दोन्ही हात मातीत. आणि समोर दगडावर, मांडीवर काठी आडवी घेऊन, चाचा. मी त्यांना तेव्हाच पहिल्यांदा बघितलं. काकांनी माझ्याआधी त्यांनाच फोन केला होता आणि दाराबाहेर न पडणारे चाचा कंपनीकडं जाणाऱ्या रिक्षात बसून तिथं आले होते. रस्त्याकडेच्या मातीत काठीनं रेघा ओढून चौकोन केले होते, कोपऱ्याकोपऱ्याला खडे ठेवले होते. एका बाजूला सुतळी ताणलेली. तिचं एक टोक चाचांच्या हातात होतं, दुसरं काकांनी पायाखाली धरलं होतं.

"साहब, तुम ढील दे रे."

"मी? वैजापूरलासुद्धा तुम्हीच..."

"वैजापूर का नाम नको लेव."

"बाबा," ताई म्हणाली.

"थांब, एवढा चौकोन संपू दे," काका म्हणाले. मग त्यांनी मान वर केली.

हळूहळू सगळं कळलं. पान्याला काम मिळत नाही म्हणून काकांनी रस्त्यात थांबून स्वतःच चाक खोलून बघायचं ठरवलं. नुसती तालीम. पाना उत्तम चालला. नट सांडू नयेत म्हणून ते रुमालावर ठेवले. मग घाम आला.

"फिर साहब ने रुमाल झटका," चाचा म्हणाले. एक नट उडून मातीत गेला होता आणि तो शोधायला चौकोन आखून एकेक चाळणं चाललं होतं.

"अडकलात, बाबा."

"नाही. चाक मी स्वतः काढलंय."

"मग बसवा आणि चला."

काका मातीकडं बघत राहिले. "ते आत्ता शक्य नाही."

"म्हणजे अडकलात."

"बेटी," चाचा म्हणाले, "नट अटका है. साहब नई अटके."

ताई हसली नाही. "तुम्ही कबूल केलं होतं. दर शनिवारी मी पुण्यात काय करते माहितीये? फोन समोर ठेवून बसते. तुमचा तर बंदच असतो. आई गेली तेव्हाही मी पुण्यातच होते." एक ट्रक गेला आणि आम्ही सगळे धुळीत उभे राहिलो.

काका उठले. पाना उघडाच होता, त्यांनी त्याच्या काड्या एकेक करून मिटल्या, सदऱ्याला पुसला आणि तिच्यापुढं धरला. "घे. तू म्हणशील तसं."

ताईनं तो घेतला. मुठीत धरून उभी राहिली. मग एकदम माझ्याकडं वळली. "वहिनी, त्या दिवशी तुम्ही होतात. तुम्हीच सांगा. हे अडकलेत, का थांबलेत?"

तिघंही माझ्याकडं बघायला लागले. मी खाली बघितलं तर काकांच्या पायजम्याचे गुडघे दिसले, मातीनं भरलेले, शाळेतल्या पोरासारखे. चाचांच्या पायात एकच चप्पल होती. दुसरी एका चौकोनाच्या कोपऱ्याला खुणेसाठी ठेवली होती. दोन्ही शब्द मला खरे वाटेनात.

"खेळतायत," मी म्हणाले.

चाचा इतके हसले, की त्यांना ठसका लागला आणि काकांनी जाऊन त्यांची पाठ चोळली. ताई त्या दोघांकडं बघत राहिली. मग मातीतल्या रेघांकडं बघत राहिली. मग तिनं पाना काकांच्या वरच्या खिशात परत ठेवला, सँडल काढल्या आणि ओढणी कमरेला खोचली.

"कुठपर्यंत बघून झालंय?"

"त्या दगडापर्यंत," काका म्हणाले. "अगं, इकडून नको येऊस! रेघ पुसेल. तिकडून वळून ये."

ती वळून आली. "पुढच्या शनिवारी निघताना दोन नट घ्यायचे, बाबा. आणि फोन चालू ठेवायचा."

"लागतो तर एकच."

"दोन."

काकांनी पटकन मान हलवली आणि गुडघ्यांवर बसले. मीही पदर खोचून एका चौकोनात उतरले. चाचांनी दगडावरून वाकून आपल्या हातातलं सुतळीचं टोक ताईच्या हातात दिलं.

"कस के पकड, बेटी," ते म्हणाले. "साहब उधर से ढील देते."